लेझर कटिंगमधले लेयर: एक मराठी पाटी सुरुवातीपासून शेवटपर्यंत

लेझर मशीनवर नवीन बसलेल्या माणसाची निम्मी शीटं एकाच कारणाने वाया जातात. डिझाइन बरोबर असतं, मशीन बरोबर असतं, पण कोणती रेघ कापायची, कोणती नुसती ओढायची, कुठला भाग भरून कोरायचा आणि हे सगळं कोणत्या क्रमाने करायचं, हे सॉफ्टवेअरला नीट सांगितलेलं नसतं. ते सांगायची जागा म्हणजे लेयर. इथे लाइटबर्न हे सॉफ्टवेअर, रुइडा कंट्रोलर (मशीन चालवणारं सर्किट) आणि ६० वॉटची सीओटू काचेची ट्यूब (लेझर जिथून निघतो ती) धरून एक पाटी पूर्ण करू: ३ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाचं दाबून केलेलं शीट), आकार ३०० × १५० मिमी, मजकूर ‘आनंदी निवास’, भोवती एक नक्षीची रेघ आणि भिंतीवर ठोकायला ४ मिमीची दोन भोकं.

आधी एक गैरसमज. लाइटबर्नच्या तळाशी रंगांची पट्टी दिसते, ००पासून २९पर्यंत तीस लेयर. फोटोशॉप किंवा कोरलड्रॉची सवय असलेला माणूस त्यांना चित्राचे थर समजतो, वर कोण आणि खाली कोण असा विचार करतो. इथे रंगाचा चित्राशी संबंध नाही. रंग म्हणजे एक काम: इतका वेग, इतकी पॉवर, ही पद्धत. लाल रंगातल्या सगळ्या रेघा एकाच हिशेबाने चालणार, मग त्या शीटच्या कुठल्याही कोपऱ्यात असोत. म्हणून डिझाइन उघडल्यावर पहिला प्रश्न ‘यात किती वेगळी कामं आहेत?’ हा. आपल्या पाटीत चार आहेत: अक्षरं कोरणे, नक्षीची रेघ ओढणे, भोकं पाडणे आणि बाहेरची कड कापणे. चार कामं, चार रंग.

फाइल आत आणण्यापूर्वी अक्षरांचं पाहा

मराठी पाटीत सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, आणि इंग्रजी मजकुरावर शिकलेल्यांना तो माहीतच नसतो. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या शिरोरेषेवर किंचित चढलेली असते. पडद्यावर काळ्यावर काळं असल्याने ते दिसत नाही. पण लेझरच्या लेखी ते दोन स्वतंत्र बंद आकार आहेत आणि एकमेकांवर चढलेत. फिल पद्धतीत, म्हणजे आकार आडव्या ओळींनी भरून कोरताना, अशा दुहेरी भागाला सॉफ्टवेअर ‘आतलं भोक’ समजतं आणि तेवढा भाग न कोरता सोडतं. पाटी तयार झाली की ‘आ’ आणि ‘नं’ यांच्या मधोमध शिरोरेषेत केसाएवढी पांढुरकी उभी फट दिसते. ‘दी’ची वेलांटी जिथे द वरून जाते तिथेही तेच. लाइन पद्धतीत, म्हणजे फक्त कडेवरून रेघ चालवताना, आणखी वाईट: चढलेल्या कडासुद्धा लेझर कापतो आणि कापून काढलेला शब्द सलग निघण्याऐवजी अक्षरागणिक सुटा होतो.

उपाय सोपा आहे. इंकस्केपमध्ये युनिकोड फॉन्टात मजकूर टाका, पाथ मेनूतून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, अनग्रुप करा आणि सगळी अक्षरं निवडून ‘युनियन’ द्या, म्हणजे चढलेले आकार मिळून एक होतील. एसव्हीजी म्हणून सेव्ह करून लाइटबर्नमध्ये आणा. कोरलड्रॉत काम करणाऱ्यांनी कंट्रोल + क्यूने कर्व्ह (अक्षरांचे आकार) करून मग वेल्ड करावं, ते युनियनचंच काम. लाइटबर्नमध्येही कंट्रोल + डब्ल्यूने वेल्ड होतं. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टातली फाइल गिऱ्हाइकाकडून येते तेव्हा ती कर्व्ह करूनच मागवा. तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नसेल तर ‘आनंदी निवास’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा उघडतो आणि मूळ शब्द काय होता ते फोन करूनच कळतं.

अक्षरं कोरायची नसून आरपार कापून पाटीत खिडकीसारखी सोडायची असतील तर ‘व’, ‘क’, ‘ब’ यांची पोटं सुटून खाली पडतात. उलट शब्दच कापून घ्यायचा असेल तर शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते, पण ‘नं’वरचा अनुस्वार कशालाच चिकटलेला नसतो. तो मशीनच्या बेडच्या जाळीतून खाली जाणार. अनुस्वाराला १.५ ते २ मिमी रुंदीची दांडी काढून शिरोरेषेला जोडा, आणि हे वेल्डच्या आधी करा. आपल्या पाटीत अक्षरं कोरायचीच असल्याने हा प्रश्न येत नाही.

आयात झाल्यावर तीन गोष्टी तपासा. मापं मिलिमीटरमध्येच आलीत का: डीएक्सएफ फाइल इंचात वाचली गेली तर पाटी २५.४ पट मोठी किंवा लहान दिसते. दुसरं, सगळं निवडून ऑल्ट + डी दाबा, म्हणजे एकावर एक पडलेल्या दुहेरी रेघा निघून जातील. दुहेरी रेघ म्हणजे त्याच जागी दोनदा कट आणि करपलेली कड. तिसरं, फिलमध्ये जाणारा प्रत्येक आकार बंद हवा. उघडे आकार एडिट मेनूतून निवडता येतात, आणि टोकाला टोक असलेले तुकडे ऑल्ट + जेने जोडले जातात.

चार लेयर लावू

अक्षरं निवडा आणि रंगपट्टीतला काळा, म्हणजे ००, दाबा. नक्षीची रेघ निळी ०१, भोकं हिरवी ०३, बाहेरची कड लाल ०२. रंग कुठलाही चालतो, पण कड नेहमी लालच, असा एक नियम दुकानात ठरवून टाका. सहा महिन्यांनी जुनी फाइल उघडली की डोळ्यांना आधी लाल सापडतो.

आता उजवीकडच्या ‘कट्स / लेयर्स’ यादीत एकेका ओळीवर डबल क्लिक करून आकडे भरा. खालचे आकडे सुरुवातीचे समजा. ६० वॉटच्या दोन ट्यूबसुद्धा सारख्या चालत नाहीत.

०० काळा, अक्षरं: पद्धत फिल, वेग ३०० मिमी प्रति सेकंद, कमाल पॉवर २२ टक्के, लाइन इंटरव्हल (दोन ओळींमधलं अंतर) ०.१ मिमी, दोन्ही दिशांनी.

०१ निळा, नक्षी: पद्धत लाइन, वेग ८०, पॉवर कमाल १५, किमान १२.

०३ हिरवा, भोकं: पद्धत लाइन, वेग १०, पॉवर कमाल ५५, किमान ५०, एअर (कटावरचा हवेचा झोत) चालू.

०२ लाल, कड: पद्धत लाइन, वेग १८, पॉवर कमाल ६०, किमान ४०, एअर चालू.

०.१ मिमी इंटरव्हल म्हणजे २५४ डीपीआय, म्हणजे एका इंचात २५४ ओळी. २ इंची लेन्सचा ठिपकाही साधारण तेवढाच असतो, त्यामुळे ओळी एकमेकींना भिडतात. नवखा माणूस ‘बारीक काम हवं’ म्हणून ०.०५ टाकतो. हिशेब करून पाहा: अक्षरांची उंची ६० मिमी धरली तर ०.१वर ६०० ओळी. एक ओळ २२० मिमीची, ३००च्या वेगाने ०.७३ सेकंद, म्हणजे सगळ्या मिळून सुमारे सव्वासात मिनिटं, वळणांचा वेळ वेगळा. ०.०५वर ओळी १२००, वेळ दुप्पट, आणि एमडीएफवर फायदा काहीच नाही. उलट तीच जागा दोनदा भाजल्याने कोरलेला तळ काजळीने भरतो.

किमान आणि कमाल पॉवर ही रुइडाची खासियत आहे आणि बहुतेक जण दोन्हीकडे एकच आकडा टाकून मोकळे होतात. डोकं कोपऱ्यावर आलं की मंदावतं. पॉवर तेवढीच राहिली तर कोपरा करपतो, म्हणून मंद वेगाला कंट्रोलर किमान आकड्याकडे सरकतो. कोपऱ्यावर काळा ठिपका पडत असेल तर किमान कमी करा, कोपरा सुटत नसेल तर वाढवा. ४ मिमीच्या भोकात डोक्याला वेग घ्यायला जागाच नसते, ते सगळा वेळ किमानच्या जवळ चालतं. कडेचंच ४०-६०चं सेटिंग भोकांना दिलं तर कड सुटते आणि भोकातली टिकली अडकून राहते. भोकांना वेगळा लेयर त्यासाठीच. काचेच्या ट्यूबला साधारण १० टक्क्यांखाली पेटायला त्रास होतो, म्हणून किमान त्याच्या वरच ठेवा.

यादीतला ‘आउटपुट’चा खटका बंद असेल तर तो लेयर चालत नाही, ‘शो’ बंद केला तर फक्त पडद्यावरून जातो. दोन्हींत गल्लत झाली की कड न कापताच काम संपतं. पट्टीच्या शेवटी टी१ आणि टी२ असे दोन लेयर आहेत, ते कधीच कापले जात नाहीत. शीटच्या उरलेल्या तुकड्याची बाह्यरेषा किंवा मध्यरेषा त्यांवर काढून ठेवा.

क्रम

यादीत वर असलेला लेयर आधी, खालचा नंतर. आपला क्रम: अक्षरं, नक्षी, भोकं, कड. कारण साधं आहे. कड कापली की पाटी शीटपासून सुटते, जाळीवर अर्धा-एक मिलिमीटर बसते किंवा एअरच्या झोताने तिरपी होते. त्यानंतर कोरलेलं सगळं फोकसच्या बाहेर आणि जागेवरून सरकलेलं. भोकं कडेच्या आधी, नाहीतर सुटलेल्या पाटीत ती मध्यावर येतील याची खात्री नाही.

यादी बरोबर लावूनही क्रम चुकतो तेव्हा दोष ‘ऑप्टिमायझेशन सेटिंग्ज’मध्ये असतो. तिथे ‘ऑर्डर बाय लेयर’ सगळ्यांत वर हवं. ते काढून टाकलं तर सॉफ्टवेअर डोक्याचा प्रवास वाचवायला सोयीने रेघा निवडतं, आणि मध्येच कड कापून टाकतं. ‘कट इनर शेप्स फर्स्ट’ चालू ठेवा, एकाच लेयरमध्ये आत-बाहेर आकार असतील तर आतले आधी कापले जातात.

मग ऑल्ट + पी. प्रिव्ह्यूच्या खालची पट्टी सावकाश सरकवा आणि अक्षरं, नक्षी, भोकं, कड असंच होतंय ना ते डोळ्यांनी पाहा. अंदाजे वेळही तिथेच दिसतो. प्रिव्ह्यूतल्या लाल रेघा म्हणजे आपला लाल लेयर नव्हे, न जळता होणारा प्रवास. दहा सेकंदांचं काम आहे, आणि एमडीएफचं शीट दहा सेकंदांहून महाग आहे.

लेझर खिडकीतला ‘कट सिलेक्टेड ग्राफिक्स’चा खटकाही बघून घ्या. आदल्या कामात तो चालू राहिला असेल तर निवडलेला एकच आकार कापून मशीन थांबतं, आणि माणूस तासभर लेयर तपासत बसतो.

एकाच आकाराला दोन कामं: सब-लेयर

फिलने कोरलेल्या अक्षराची कड जवळून पाहा. आडव्या ओळींची टोकं जिन्यासारखी दिसतात, विशेषतः ‘व’च्या गोलाईवर. कडेवरून एक हलकी रेघ फिरवली की अक्षर एकदम रेखीव दिसतं. बरेच जण यासाठी अक्षरांची कॉपी काढतात, तिला दुसरा रंग देतात आणि मूळच्या बरोबर वर ठेवतात. हे चालतं, पण गिऱ्हाईक ‘शब्द थोडा वर घ्या’ म्हणतं आणि एकच कॉपी वर जाते. दुसरी खालीच राहते, हे मशीनवर कळतं.

लाइटबर्नच्या १.० आवृत्तीपासून यासाठी सब-लेयर आहेत. काळ्या लेयरवर डबल क्लिक करा आणि अधिकचं चिन्ह दाबा. पहिला सब-लेयर आपला फिल. दुसऱ्याची पद्धत लाइन, वेग ६०, पॉवर १४, किमान १२. आकार एकच, कामं दोन, आणि शब्द हलवला तर दोन्ही बरोबर हलतात. प्रत्येक सब-लेयरला स्वतःचा आउटपुट खटका असतो, म्हणून नुसती बाह्यरेषा परत मारायची असेल तर फिल बंद करून चालवता येतं.

एक बारकावा: रेघ कडेच्या बरोबर मधोमध चालते, म्हणजे ठिपक्याची अर्धी रुंदी अक्षराच्या बाहेर जाते. छोट्या अक्षरांत ते ठळक दिसतं. लाइन सब-लेयरला कर्फ (कटाची रुंदी) ऑफसेट उणे ०.०५ द्या, रेघ आत सरकेल. ऑफसेटमध्ये कटाच्या रुंदीचा अर्धा आकडा घालायचा असतो, पूर्ण नाही.

सब-लेयरचा दुसरा चांगला उपयोग जाड मालाला. एकाच लेयरमध्ये ‘पासेस’ (त्याच रेघेवरच्या फेऱ्या) दोन केले तर दोन्ही पास सारख्याच वेगाने आणि पॉवरने होतात. ८ मिमी एमडीएफला पहिला पास पृष्ठभागावर फोकस ठेवून आणि दुसरा फोकस २ मिमी आत नेऊन हवा असेल, तर दोन लाइन सब-लेयर करा आणि दुसऱ्याला झेड ऑफसेट (बेड वर-खाली करणारा आकडा) द्या. याला मोटरवर चालणारा बेड लागतो आणि डिव्हाइस सेटिंग्जमध्ये झेड अक्ष चालू असावा लागतो. बेड हाताने फिरवायचा असेल तर हा आकडा टाकून काही होत नाही. फायबर लेझरवर धातू खोल कोरणारे लोकही हेच वापरतात: खोदणारे पास आधी, मग कमी पॉवरचा आणि जास्त वेगाचा साफसफाईचा पास, एकाच क्लिकमध्ये.

सब-लेयर आणि स्वतंत्र लेयर यांत गोंधळ होत असेल तर आकार पाहा. आकार तोच असेल तर सब-लेयर, आकार वेगळा असेल तर लेयर.

नक्षीत काही पानं थोडी हलकी हवीत असली तरी नवा लेयर लागत नाही. पान निवडून ‘शेप प्रॉपर्टीज’मध्ये पॉवर स्केल ५० टक्के करा. हा आकडा किमान आणि कमाल यांच्या मधला बिंदू ठरवतो: ० म्हणजे किमान, १०० म्हणजे कमाल. किमान-कमाल सारखे ठेवले असतील तर पॉवर स्केल कितीही हलवा, फरक पडणार नाही. लोक इथे सॉफ्टवेअरला शिव्या देतात, चूक आकड्यांची असते. आपल्या निळ्या लेयरमध्ये १२ आणि १५ असल्याने फरक जेमतेम दिसेल. हलकी-गडद पानं खरंच हवी असतील तर कमाल २२पर्यंत न्या.

आकडे पक्के करणे

नवा माल आला की ‘लेझर टूल्स’मधून ‘मटेरियल टेस्ट’ काढा. एका अक्षावर वेग, दुसऱ्यावर पॉवर, ५ मिमीचे चौकोन. फिलसाठी एक आणि कटसाठी एक, असे दोन तक्ते, दोन्ही त्याच शीटच्या कोपऱ्यात. कटच्या तक्त्यात जो चौकोन हलकेच टकटक केल्यावर खाली पडतो तो कामाचा. जो आपोआप पडतो आणि कडेला तपकिरी धग सोडतो त्याच्यात पॉवर जास्त आहे. मास्किंग टेप लावून काम करणार असाल तर चाचणीही टेप लावूनच घ्या, कारण कोरण्याची थोडी ताकद टेपमध्येच खर्च होते.

कोरण्याच्या कडा दातेरी दिसत असतील, म्हणजे एक ओळ डावीकडे आणि पुढची उजवीकडे सरकलेली, तर तो पॉवरचा प्रश्न नाही. वेगात दोन्ही दिशांच्या ओळी जुळत नाहीत. डिव्हाइस सेटिंग्जमधल्या ‘स्कॅनिंग ऑफसेट’च्या तक्त्यात वेगवार आकडे भरावे लागतात. घाईत असाल तर बाय-डायरेक्शनल काढून टाका, कडा सरळ येतील, वेळ जवळपास दुप्पट लागेल.

पक्के झालेले आकडे मटेरियल लायब्ररीत ठेवा: माल, जाडी, काम अशा क्रमाने, ‘एमडीएफ, ३ मिमी, कड’. तिथे ‘असाइन’ आणि ‘लिंक’ अशी दोन बटणं आहेत. असाइन आकडे एकदा लेयरमध्ये ओततं आणि विसरतं. लिंक लेयरला लायब्ररीशी बांधून ठेवतं, नंतर लायब्ररीतला आकडा बदलला की फाइलही बदलते. रोजच्या पाट्यांना लिंक सोयीचं. पाच वर्षांनी तशीच परत लागणारी गिऱ्हाइकाची फाइल असेल तर असाइन करा.

जे शीट लेझरखाली घालायचंच नाही त्याला लायब्ररीत जागा देऊ नका. पाट्यांच्या दुकानात सनबोर्ड, फ्लेक्स आणि रेक्झिन सहज हाताशी असतं, आणि तिन्हींत पीव्हीसी असतं. पीव्हीसी जळलं की क्लोरीनयुक्त वायू निघतो, ओलाव्याशी मिळून आम्ल बनतं, आणि ते फुप्फुसांना त्रास देतंच, शिवाय मशीनच्या रेलवर गंज चढवतं. पॉलिकार्बोनेट कापताना पिवळं पडतं आणि पेट घेतं, त्याला ॲक्रिलिक समजून घालू नका. कोरायला ॲक्रिलिक घेताना कास्ट मागा, त्यावर अक्षरं पांढरी उमटतात. एक्स्ट्रुडेडवर ती जवळजवळ दिसतच नाहीत.

काल कापणारं सेटिंग आज कापत नसेल तर लेयरमधली पॉवर लगेच वाढवू नका. आधी लेन्स आणि तिसरा आरसा पुसा, एमडीएफची काजळी तिथेच बसते. फोकसचं अंतर मोजा. मग ट्यूब थंड ठेवणारं पाणी: सीडब्ल्यू-३००० हा कूलर पाणी थंड करत नाही, नुसती हवेशी देवाणघेवाण करतो, त्यामुळे वैशाखात खोली ३८ अंशांवर असेल तर पाणी त्याच्याही वर जातं आणि ट्यूबची ताकद उतरते. सीडब्ल्यू-५००० कॉम्प्रेसरवर चालतो, त्याला २० अंशांवर लावून ठेवता येतं. आणि जुलैमध्ये शीट बाहेर उभं ठेवलं असेल तर ते ओल पिऊन फुगलेलं असतं. व्हर्नियर लावा: ३ मिमीचं शीट ३.२ भरलं तर लायब्ररीत ‘एमडीएफ, ३ मिमी, पावसाळा’ अशी वेगळी नोंद करा आणि कडेचा वेग १८ऐवजी १५ ठेवा.